वाये दे ग्वादालुपेत जेवायचं कुठे? आधी घड्याळ बघा, मग नाव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सॅन दिएगोत राहता, भारतातून आई-बाबा आलेत, शनिवार-रविवार मेक्सिकोतल्या वाये दे ग्वादालुपे या वाइनच्या खोऱ्यात जायचंय. बाबा शाकाहारी, अंडं चालतं. आई मासे खातात, कधीमधी मटण, पण गोमांस नाही. तुम्हाला सगळं चालतं, वाइनही. नेटवरच्या प्रत्येक यादीत तीच दहा-बारा नावं आहेत आणि निम्म्या ठिकाणी माणशी दोन-तीन हजार पेसोंचा मेनू. मग चांगली जागा ओळखायची कशी?

चांगल्या जागांचा तिथे तुटवडा नाही. उलट इतक्या छोट्या खोऱ्यात इतकी चांगली स्वयंपाकघरं मेक्सिकोत फार ठिकाणी सापडणार नाहीत. फसगत होते ती वेळेची आणि अंतराची. लोक एका दिवसात तीन वाइनरी आणि दोन मोठी जेवणं बसवतात. दुसऱ्या जेवणाला पोचेपर्यंत पोट भरलेलं, जीभ वाइनने बधिर, अंधार पडलेला आणि स्वयंपाकघर आवरायला लागलेलं. मग म्हणतात, नाव मोठं लक्षण खोटं. म्हणून या भागातला बेत आखताना मी आधी एका दिवसात एकच मोठं जेवण धरतो, ते दुपारी ठेवतो आणि बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला बसवतो. जागेचं नाव सगळ्यात शेवटी येतं.

आधी जमीन समजून घ्या. सीमेलगतच्या तिहुआना शहरातून समुद्राकाठचा टोलरस्ता धरला की प्लायास, रोसारितो आणि सान मिगेल असे तीन टोलनाके लागतात. शेवटचा नाका ओलांडला की एन्सेनादा या बंदराच्या शहराअलीकडे, एल सौसालला, महामार्ग क्रमांक ३ फुटतो. तोच खोऱ्यातून वर, सीमेवरच्या तेकाते गावाला जातो. या रस्त्यावरचे किलोमीटरचे आकडे तेकातेकडून मोजलेले आहेत, त्यामुळे समुद्राकडून येताना ते उतरत जातात. इथे पत्ता म्हणजे हाच आकडा. माल्वा हे रेस्टॉरंट किलोमीटर ९६ ला, म्हणजे सान आन्तोनियो दे लास मिनास या पहिल्या गावात. डेकमन्स ८५.५ ला, फिंका आल्तोसानो आणि लाहा ८३ च्या आसपास, एल. ए. चेत्तो ही मोठी जुनी वाइनरी ७३.५ ला. म्हणजे सगळा खेळ वीस-बावीस किलोमीटरांचा. फ्रान्सिस्को सार्को गावाशी डांबरी रस्ता सोडून आत वळलं की एल पोर्वेनीरची बाजू येते. तिथे बराचसा कच्चा रस्ता आहे. नकाशा दहा मिनिटं म्हणाला की वीस धरा. धुरळा असतो, खड्डे असतात, दिवे नसतात. डिसेंबर ते मार्च पावसाळा, तेव्हा त्याच रस्त्याचा चिखल होतो. फोनला रेंज कुठे असते, कुठे नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणाचा किलोमीटर कागदावर लिहून घ्या.

आता घड्याळ. मेक्सिकोत मोठं जेवण दुपारचं, साधारण दोन ते पाच. खोऱ्यातली बरीच स्वयंपाकघरं याच वेळेभोवती चालतात. रात्री आठ-नऊला सामसूम होते. नाशिककडे वाइनरी म्हणजे संध्याकाळचा बेत, त्या सवयीने इथे गेलात तर चुकाल. आठवड्याचे पहिले दोन-तीन दिवस अनेक ठिकाणं बंद असतात. गुरुवार-शुक्रवार सगळ्यात चांगले: सगळं उघडं, गर्दी मध्यम, वाढणाऱ्याला तुमच्याशी बोलायला सवड. तुम्हाला शनिवार-रविवारच शक्य असेल तर टेबल दोन-तीन आठवडे आधी धरा. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर वेंदिमिया, म्हणजे द्राक्षतोडणीचा उत्सव असतो. त्या दिवसांत आई-बाबांना नेऊ नका असंच मी सांगेन. उकाडा, रस्त्यावर गाड्यांची रांग आणि स्वयंपाकघरांवर ताण, तिन्ही एकदम.

जेवणाच्या जागा मी तीन जातींत बघतो. पहिली सकाळच्या नाश्त्याची घरगुती स्वयंपाकघरं. दुसरी कांपेस्त्रे, म्हणजे मळ्यातली, उघड्यावरची, लाकडाच्या आगीवर चालणारी. तिसरी टेस्टिंग मेनूवाली, म्हणजे स्वयंपाकघराने ठरवलेले छोटे छोटे पदार्थ ओळीने वाढणारी. याद्यांमध्ये तिसऱ्या जातीचा गाजावाजा असतो, पण या खोऱ्याची खरी ओळख दुसऱ्या जातीत आहे, असं माझं ठाम मत. ओकची लाकडं आणि छाटलेल्या वेलींच्या काटक्या, त्यांचे निखारे, वर लोखंडी जाळी. त्यावर लहान पक्षी, मेंढीचं मांस, ऑक्टोपस, भाज्या. काटक्या भसकन पेटतात आणि पटकन विझतात, त्यामुळे ज्याला वरून भाजायचंय त्याला त्या चालतात. तासन् तास शिजणाऱ्या मांसाला ओकच लागतो. फिंका आल्तोसानो हे या जातीचं सोपं उदाहरण: शेफ हाविएर प्लासेन्सियांचं, मोठं, गजबजलेलं, मेनूतून हवं तेवढंच मागवता येतं. तीन माणसांच्या तीन तऱ्हा असतील तर हा गुण फार मोठा. शेफ द्रू डेकमन यांचं डेकमन्स एल मोगोर या मळ्यातच आहे; भाजी तिथलीच, पायाखाली माती, समोर धगधगती चूल. दोन्हीकडे धूर अंगावर येतो. बाबांना दम्याचा त्रास असेल तर टेबल धरतानाच धूर येणार नाही अशा, वारा जिकडून येतो त्या बाजूला बसवायला सांगा.

टेस्टिंग मेनूबद्दल. रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिनची मेक्सिकोसाठीची पहिली गाइड मे २०२४ मध्ये आली. तिच्यात खोऱ्यातल्या आनिमालोन, दामियाना आणि कोन्चास दे पिएद्रा यांना एकेक तारा मिळाला. जेवण उत्तम, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की तुमच्या टेबलाला ते झेपेल का. सात-आठ पदार्थ, अडीच-तीन तास, प्रत्येक पदार्थ बारीक आणि बराचसा समुद्राचा. कोन्चास दे पिएद्रा तर शिंपल्या-कालवांचंच ठिकाण, बाबांना तिथे नेण्यात अर्थ नाही. आनिमालोन एका जुन्या ओक वृक्षाखाली भरतं. दिसायला अप्रतिम, पण उघड्यावरचं असल्याने त्याचं वेळापत्रक ऋतूवर चालतं. आधी विचारून घ्या. आई-बाबांशिवाय जाणार असाल तर जरूर जा. आई-बाबांसोबत पहिल्या खेपेला मी जाणार नाही.

यादीत नसलेली जागा पारखायची झाली तर मी काय बघतो? मेनू एका पानाचा आहे का, आणि गेल्या दोन महिन्यांत बदललाय का. इंस्टाग्रामवर ताटांचे फोटो आहेत की फक्त सूर्यास्ताचे आणि ग्लासांचे. स्पॅनिशमधले अभिप्राय काय म्हणतात. सीमेपलीकडून आलेले लोक बहुधा नजाऱ्याबद्दल लिहितात, एन्सेनादाचे लोक जेवणाबद्दल. मेनूवर मळ्याचं, बंदराचं, चीजच्या गावाचं नाव आहे का: कालवं सान किन्तीनची, चीज ओहोस नेग्रोसकडचं, असं. हे नुसतं मिरवणं नाही. ज्याला माल कुठून येतो हे ठाऊक आहे, त्याला आज काय आलं नाही हेही ठाऊक असतं. शेवंडीचा हंगाम साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. जून महिन्यात कुणी ‘ताजी शेवंड’ म्हणून वाढत असेल तर ती गोठवलेली, हे समजून मागवा. शनिवारी दुपारी डीजे असेल तर तिथे लोक जेवायला आलेले नाहीत, एवढं ओळखा.

आता बाबांचं ताट. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या कुणाच्या वाईट हेतूने होत नाहीत. मेक्सिकोत ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, म्हटलं की बरेचदा ऐकणारा फक्त गोमांस वगळतो. कोंबडी, हॅम, मासे त्यात येत नाहीत असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. म्हणून यादी करूनच सांगायचं: ‘सोय वेहेतारियानो. नो कोमो कार्ने, पोयो, पेस्कादो नी मारिस्कोस.’ त्यापुढे तीन लपलेल्या गोष्टी आहेत. पहिली मान्तेका, म्हणजे डुकराची चरबी. परतलेल्या घोटीव राजम्यात, फ्रिहोलेस रेफ्रितोसमध्ये, ती जवळजवळ धरूनच चाला; गव्हाच्या तोर्तियात, म्हणजे तिथल्या पातळ पोळीतही असू शकते. मक्याच्या तोर्तियात मका, चुना आणि पाणी एवढंच असतं, त्यामुळे बाबांसाठी ‘दे माइस’ मागा. दुसरी गोष्ट काल्दो दे पोयो, कोंबडीचं पाणी. लाल भात बहुधा त्यात शिजतो, सूपही त्यावरच उभं असतं, आणि चिलाकिलेसचा, म्हणजे सॉसमध्ये घोळवलेल्या तळलेल्या तोर्तियांच्या तुकड्यांचा सॉसही कधी कधी त्यात पातळ करतात. तिसरी, मोठ्या रेस्टॉरंटमधला फोन्दो, हाडांचा अर्क. मशरूमच्या निष्पाप दिसणाऱ्या पदार्थातही तो असतो. दोन प्रश्न पाठ करा: ‘येवा मान्तेका?’ आणि ‘येवा काल्दो दे पोयो?’ चीजमधलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला वापरलेला प्राण्याच्या पोटातला अर्क, चालत नसेल तर तेही विचारा, त्याला ‘क्वाहो’ म्हणतात.

हे सगळं टेबलावर बसल्यावर सांगितलं तर मिळतं ते सॅलड. टेबल धरताना व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं आणि दोन दिवस आधी पुन्हा आठवण केली, तर निखाऱ्यावर भाजलेलं बीट, कोबी, भोपळा, ताजं चीज, साल्सा असं नीट रचलेलं ताट येतं. भाज्या त्यांच्याच मळ्यातल्या असतात, फक्त स्वयंपाक्याला वेळ हवा. उत्तर काय येतं यावरूनही जागा कळते. ‘हो हो, काही अडचण नाही’ एवढंच आलं तर मी सावध होतो. ‘अंडं, दूध चालतं का? बाकीच्या दोघांना आमचा नेहमीचा मेनू द्यायचा का?’ असा उलट प्रश्न आला की ते टेबल पक्कं.

आईंसाठी वेगळी खबरदारी. नुसतं ‘कार्ने’ लिहिलेलं असेल तर ते गोमांस समजा. ‘रेस’ म्हणजे गोमांसच. ‘माचाका’ म्हणजे सुकवून कुटून तंतू केलेलं गोमांस, अंड्यात मिसळून नाश्त्याला देतात. दिसायला निरुपद्रवी असतं. ‘बिर्रिया’ बोकडाची, मेंढीची किंवा गोमांसाची, तिन्ही असू शकते, विचारल्याशिवाय घेऊ नका. ‘बोर्रेगो’ मात्र मेंढी, ते त्यांना चालेल.

यावरून नाश्ता. ला कोसिना दे दोन्या एस्तेला, एल पोर्वेनीरच्या बाजूला, कच्च्या रस्त्यावर. तिचं नाव प्रत्येक यादीत आहे, आणि तरीही मी ते सुचवतो. मिशेलिनच्या २०२४ च्या गाइडमध्ये तिला बीब गुरमाँ, म्हणजे वाजवी पैशांत चांगलं जेवण देणाऱ्यांचा मान आहे. तिथला बोर्रेगो तातेमादो आईंसाठी: मेंढीचं मांस संथ शिजवून वरून खरपूस केलेलं, सोबत गरम तोर्तिया. माचाका तुमच्यासाठी. बाबांसाठी मक्याच्या कोवळ्या कणसांचे हॉटकेक, अंडी आणि ताजं चीज. राजमा प्रश्न विचारूनच. शनिवार-रविवारी नऊ वाजून गेले की नाव लिहून तासभर थांबावं लागतं, म्हणून आठच्या सुमारास दारात असा. आणि तिघांत दोन-तीन पदार्थांवर थांबा, ताटं मोठी असतात.

माशांसाठी मात्र खोऱ्यात थांबू नका. एन्सेनादाचं बंदर अर्ध्या तासावर आहे आणि खोऱ्यातला मासा तिथूनच वर येतो. गावात लोपेस मातेओस आणि आल्वारादो या रस्त्यांच्या कोपऱ्यावर ला गेर्रेरेन्से ही साबिना बांदेरांची खाण्याची गाडी. तोस्तादा म्हणजे कुरकुरीत तळलेली मक्याची तोर्तिया; त्यावर सेविचे, म्हणजे लिंबात मुरवलेला कच्चा मासा, त्यावर तिसऱ्या (शिंपल्या), त्यावर अॅव्होकाडोची फोड आणि बाजूला साल्सांच्या बरण्या. शेंगदाणा घातलेली साल्सा आधी घ्या, आपल्या जिभेला ती लगेच ओळखीची वाटते. नावाजलेला तोस्तादा एरिसोचा, म्हणजे समुद्रातल्या काटेरी गोळ्यातल्या केशरी गराचा, तिसऱ्यांसह. खाताना तो दोन्ही हातांनी, आडवा धरा. उभा धरला तर पहिल्याच घासाला मोडतो आणि सगळं शर्टावर. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: सेविचेचं लिंबू मासा पांढरा करतं, शिजवत नाही, जंतूही सगळे मारत नाही. वयस्कर माणसाला, मधुमेह किंवा यकृताचा त्रास असलेल्याला, कच्ची कालवं आणि तिसऱ्या देऊ नका. आईंना ऑक्टोपस किंवा कोळंबी शिजवलेली आहे का विचारून घ्या, नाहीतर सरळ फिश टाको: पिठात बुडवून तळलेला मासा, चिरलेला कोबी, पातळ क्रीम, साल्सा, लिंबू. पूर्वी यात बहुधा छोटी मुशीच असायची, कोकणातल्या माणसाला चव परकी वाटणार नाही. तळून ठेवलेल्या ढिगातला तुकडा मिळत असेल तर पुढे चला; तेलातून निघालेला थेट तोर्तियावर पडला पाहिजे. बाबांसाठी त्या कोपऱ्यावर काहीही नाही. आईंनी डब्यात दशम्या आणल्या असतील तर त्यांची वेळ हीच.

वाइनबद्दल थोडक्यात. दिवसाला दोन वाइनरी पुरे, पहिली जेवणाआधी. इथल्या लाल वाइनमध्ये नेब्बिओलो या द्राक्षाची मागून बघा, निखाऱ्यावरच्या मांसाला ती चांगली जुळते. माशाला शेनँ ब्लाँ ही पांढरी. काही वाइनना किंचित खारट झाक असते, ती बिघडलेली म्हणून परत पाठवू नका. विकत घेतलेली बाटली रेस्टॉरंटात न्यायची तर ‘देस्कोर्चे’, म्हणजे बाटली उघडण्याचं शुल्क, किती ते आधी विचारा. आणि गाडीचं: पिणारा चालवणार नाही. एन्सेनादाहून उबर खोऱ्यात आणून सोडतं, पण संध्याकाळी परतायला मिळत नाही, हा नेहमीचा घोटाळा. दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवा. स्वतःची गाडी असेल तर मेक्सिकोचा विमा वेगळा काढा, अमेरिकेतली पॉलिसी तिथे ग्राह्य धरत नाहीत. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, मात्र पासपोर्टवरच्या त्या व्हिसा स्टॅम्पची तारीख स्वतः तपासा. आई-बाबांच्या व्हिसावर एकाहून अधिक वेळा प्रवेशाची मुभा आहे का, तेही बघा.

पैसे पेसोत द्या. डॉलर घेतात, पण भाव त्यांचा. कार्डाच्या यंत्राने ‘डॉलर की पेसो’ विचारलं तर पेसो. रेंज गेली की यंत्र बंद पडतं, म्हणून एका जेवणापुरती रोकड खिशात हवी. टीप दहा ते पंधरा टक्के. ती बिलात आधीच धरलेली नाही ना, ते वाचून बघा. बिल मागितल्याशिवाय येत नाही. तो हलगर्जीपणा नाही, पाहुण्याला उठवायचं नाही म्हणून. ‘ला क्वेन्ता, पोर फावोर’ म्हणा.

तर तुमचे दोन दिवस मी असे लावेन. शनिवारी सातला निघा, टोलरस्त्याने थेट एन्सेनादा. अकराच्या सुमारास तोस्तादा आणि टाको, तेही भूक ठेवूनच. एक वाजता खोऱ्यात एक वाइनरी, शक्यतो किलोमीटर ८० ते ९० च्या पट्ट्यात. अडीचला त्याच पट्ट्यात कांपेस्त्रे जेवण, उजेड असतानाच मुक्कामी. उन्हाळ्यातही संध्याकाळी समुद्राची गार हवा येते, आईंसाठी शाल ठेवा. रात्री जेवणाची गरज पडणार नाही. पडलीच तर चीज, पाव, फळं दुपारीच घेऊन ठेवा. रविवारी आठला दोन्या एस्तेला, अकराला दुसरी वाइनरी, आणि एकच्या आत परतीला लागा. तिहुआनाजवळच्या सान इसिद्रो या सीमेच्या नाक्यावर रविवारी संध्याकाळी दोन-तीन तास सहज जातात, म्हणून महामार्ग ३ ने तसेच वर तेकातेला जा. तिथला नाका छोटा आहे आणि रात्री बंद होतो, पण दुपारी पोचलात तर चिंता नाही. माणशी एक लिटर वाइन शुल्काशिवाय नेता येते. उरलेली ताजी फळं मात्र नाक्याआधी संपवा. तेकातेत एल मेहोर पान ही बेकरी आहे. ट्रे आणि चिमटा उचलून पाव आपणच निवडायचा. बाबांसाठी घेण्याआधी तोच प्रश्न, ‘येवा मान्तेका?’, आणि मग रांगेत गाडीत बसल्या बसल्या खायला एक पिशवी भरून घ्या.